एका क्विंटलच्या आत

वाशिम जिल्ह्याला समुद्र नाही. 1998 साली अकोल्यातून वेगळे निघालो तेव्हा वाटणीत तो कोणी मागितलाही नाही, कारण अकोल्याकडेही तो नव्हता. पोहायचं झालं तर विहीर आहे, आणि समुद्र बघायचा झाला तर सबंध महाराष्ट्र आडवा ओलांडायची तयारी ठेवावी लागते. उंची मात्र आम्हाला फुकट मिळाली आहे. वाशिम समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, म्हणजे आमचं पोर जन्मतःच अठराशे फुटांवर असतं. अधांतराचंही आम्हाला फारसं नवल नाही. मालेगाव तालुक्यात शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ आहेत. मूर्ती जमिनीला टेकलेली नाही ही शेकडो वर्षांची श्रद्धा. आणि रिसोडच्या पलीकडे, बुलढाण्याच्या हद्दीत, लोणार. तिथे फार पूर्वी आकाशातून एक पाहुणा विनापॅराशूट उतरला. त्याने केलेला खड्डा सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे आणि शाळेच्या सहली अजून तो बघायला जातात.

वर राहायचं कसं आणि खाली पडल्यावर काय होतं, हे दोन्ही इतकं जवळ शिकायला असल्यामुळे वाशिमचा माणूस आपणहून विमानातून उडी मारायला जात नाही. त्याला थायलंडला न्यावं लागतं.

न्यायचं काम बियाण्यांच्या आणि फवारणीच्या औषधांच्या कंपन्या करतात. विदर्भात कुठल्याही तालुक्याच्या गावी कृषी केंद्रात जा. काउंटरच्या मागे, लक्ष्मीच्या फोटोच्या जरा खाली, एक फ्रेम असतेच. तीत पंचवीस-तीस माणसं समुद्रकिनाऱ्यावर उभी असतात. सगळ्यांना एकच टोपी, एकच टी-शर्ट, आणि पुढे कंपनीचं एवढं मोठं बॅनर की मागचा समुद्र त्यात झाकून जातो. हंगामाआधी इतक्या बॅगा उचला, इतके डबे औषध उचला, की थायलंड. शेतकऱ्याला कर्ज मिळायला मारामार, पण सोयाबीनचं बियाणं विकणाऱ्याला पट्टाया मिळतं, ही अर्थव्यवस्था मला अजून नीट कळलेली नाही. मी विज्ञान शिकवतो, अर्थशास्त्र नाही.

आमच्या साळेबुवांचं रिसोडला कृषी केंद्र आहे. त्यांनी टार्गेट गाठलं. तिकिटं दोन. 'पट्टाया' हे नाव ऐकताच त्यांच्या घरून आदेश निघाला, की जायचं तर भाऊजींना सोबत घेऊन जा. भाऊजी म्हणजे मी. माझ्या चारित्र्याचं इतकं मोठं प्रमाणपत्र शाळेनेही मला कधी दिलेलं नाही. आता प्रमाणपत्र मिळाल्यावर गैरहजर कसं राहायचं?

बँकॉकपासून पट्टाया दीडशे किलोमीटर, थायलंडच्या आखाताच्या काठाकाठाने. बसमध्ये शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा फिरत होता. गाइड माइकवर समुद्राबद्दल सांगत होता आणि सगळी बस खिडकीतून रस्त्याकडेची पिकं बघत होती. दुसऱ्या दिवशी बोटीने बेटावर नेताना वाटेत पॅरासेलिंग झालं. बोटीला दोर बांधलेला, दोराला माणूस बांधलेला, एक चक्कर मारून परत. सगळ्यांनी केलं आणि सगळ्यांना वाटलं की आता आपल्याला उडता येतं. त्या रात्री कारंजाच्या दोन तरुण दुकानदारांनी हॉटेलच्या टेबलावरून एक पत्रक उचलून आणलं. 2011 साली 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' आला तेव्हा ही पोरं शाळेत होती. त्यातल्या तिघांनी स्पेनमध्ये विमानातून मारलेली उडी ह्यांच्या डोक्यात तेव्हापासून लोंबकळत होती.

"भाऊजी, इथं तेरा हजार फुटावून फेकते म्हनते," साळेबुवा म्हणाले.

"फुकट?"

"फुकट कायले फेकतीन? पैसे घेऊन फेकते!"

मी घरी फोन लावला. खरं सांगायचं तर नकार मिळावा म्हणूनच लावला. संसारात काही जोखमी अशा असतात, की त्या बायकोने टाळल्या तर बऱ्या दिसतात. पण तिकडून उत्तर आलं, "मारा म्हनलं नं! पुण्याच्या त्या शीतल महाजननं तिथंच नऊवारी नेसून मारली. तुमाले तं पँट हाय."

ह्यावर बोलायला जागा नव्हती, कारण गोष्ट खरी आहे. फेब्रुवारी 2018 मध्ये शीतल राणे-महाजन ह्यांनी ह्याच पट्टायाच्या आकाशात तेरा हजार फुटांवरून नऊवारीत उडी घेतली. लुगडं सव्वाआठ मीटरचं. आधी ते नेसायचं, मग त्यावर पॅराशूट, पट्टे, हेल्मेट, गॉगल, बूट, आणि मग दारातून बाहेर. ह्या बाईंचं सगळंच आमच्या हिशोबापलीकडचं. माणूस पहिली उडी घेतो ती निदान ओळखीच्या हवामानात घेतो. ह्यांनी आयुष्यातली पहिली उडी घेतली ती 18 एप्रिल 2004 रोजी उत्तर ध्रुवावर, उणे 37 अंशांत, आधी सराव न करता. दोन वर्षांनी दक्षिण ध्रुव केला. लग्नसुद्धा पुण्याजवळ गरम हवेच्या फुग्यात केलं. तिथे मानपानावरून रुसून कोणी उठून गेलं असतं तर कुठे गेलं असतं, हा माझा जुना प्रश्न आहे. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या सौभाग्यवतींना ह्यातलं एवढंच पुरेसं होतं, की नऊवारीत जमतं.

पण एक फरक फोनवर सांगायचा राहिला. त्या एकट्या उडी घेतात, आणि आम्ही घेणार होतो ती टँडम. टँडम म्हणजे तुमच्या पाठीला एक जाणकार माणूस बांधलेला असतो आणि पॅराशूट त्याच्या पाठीला असतं. 1983-84 च्या सुमारास अमेरिकेत टेड स्ट्राँग आणि बिल बूथ ह्या दोघांनी ही जोडउडी आकाराला आणली. त्याआधी नवख्याला दिवसभर शिकवून एकट्यालाच ढकलत. टँडममुळे शिकण्याची अट संपली. ह्यात प्रवाशाकडून धैर्य, कौशल्य, अक्कल ह्यातलं काहीच लागत नाही. लागतं ते फक्त वजन, आणि तेही मर्यादित.

सकाळी उड्यांच्या मैदानावर गेल्याबरोबर पहिलं काम तेच झालं. काटा. हद्द शंभर किलो. म्हणजे बरोब्बर एक क्विंटल! साळेबुवांचा चेहरा तिथे उजळला, कारण सगळ्या परक्या देशात पहिल्यांदाच कोणीतरी त्यांच्या मापात बोललं होतं. ते काट्यावर चढले आणि काटा हद्दीच्या जरासा पुढे गेला. त्यांनी ताबडतोब पाकीट, मोबाइल, कमरेचा पट्टा आणि किल्ल्यांचा जुडगा काढून माझ्या हातात दिला. तरी पाव किलो वर. मग ते मला म्हणाले, "त्याले सांगा, सकाळची हवा हाय, वलावा कापाले लावा." बाजार समितीत सोयाबीनला बारा टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की कापतात, हे आयुष्यभर सोसलेल्या माणसाला एकदा तरी ओलाव्याचा फायदा मिळावा असं वाटणं साहजिक आहे. तिथल्या मुलीने हसून त्यांना पास केलं. ओलावा म्हणून केलं की दया म्हणून, ते कळलं नाही.

मग फॉर्म. चार पानं, आणि प्रत्येक पानावर निरनिराळ्या शब्दांत एकच मजकूर: मी मेलो तर माझी जबाबदारी माझी, आणि माझे वारस पुढे काही विचारणार नाहीत. साळेबुवांनी विचारलं, "नुकसान झालं तं कळवाची मुदत किती?" पीक विम्याच्या 72 तासांच्या नियमाने ह्या माणसाला इतकं छळलं आहे, की स्वतःच्या मरणाचीही सूचना आपणच वेळेत द्यायची असते असं त्याला वाटतं. मी सांगितलं, मुदत नाही. ते म्हणाले, "मंग बरं हाय," आणि त्यांनी सही ठोकली.

आमच्या वाट्याला दोन दाढीवाले प्रशिक्षक आले. साळेबुवांनी आपल्या प्रशिक्षकाला माझ्यामार्फत एक प्रश्न विचारला, आणि तो दिवसभरातला एकमेव शहाणा प्रश्न होता. सोयाबीनच्या बॅगेला लेबल असतं, त्यावर उगवणशक्ती किमान 70 टक्के असं छापलेलं असतं. तर ह्या पॅराशूटची उघडण्याची टक्केवारी किती, आणि ती कुठे छापली आहे? मी शक्य तितका सभ्य प्रश्न करून विचारला. प्रशिक्षकाने पाठीवरची पिशवी थोपटून सांगितलं, की ह्यात दोन आहेत. एक नाही उघडलं तर दुसरं. आणि मी स्वतः बेशुद्ध पडलो तरी आत एक यंत्र आहे. ठरावीक उंचीच्या खाली आपण अजून जोरात पडतोय असं त्याला कळलं की ते दुसरं आपोआप उघडतं.

"हां," साळेबुवा म्हणाले, "दुबार पेरनी!"

आणि त्यांची भीती गेली. मी अमेरिकेतल्या पॅराशूटवाल्यांच्या संघटनेचा आकडा सांगणार होतो, की टँडममध्ये साधारण पाच लाख उड्यांमागे एखादा प्रवासी दगावतो, तिथे प्रशिक्षक व्हायला किमान पाचशे उड्या आणि तीन वर्षांचा अनुभव लागतो. थोरल्या बुश साहेबांचा दाखलाही तयार ठेवला होता. ह्या गृहस्थांचं विमान 1944 साली जपान्यांनी पाडलं तेव्हा ते पॅराशूटने समुद्रात उतरले, आणि जून 2014 मध्ये नव्वदाव्या वाढदिवशी, पाय चालत नसताना, समुद्रकाठच्या आपल्या गावी टँडम उडी मारून आले. पण दुबार पेरणीपुढे बुश साहेबांची गरज उरली नाही. ज्या माणसाने पाऊस दडी मारून बसल्यावर दुसऱ्यांदा बियाणं विकलं आहे, त्याचा दुसऱ्या पॅराशूटवर पूर्ण विश्वास असतो.

शिकवणी दहा मिनिटांची. दारातून निघताना हात छातीवर, मान मागे त्याच्या खांद्यावर, पोट पुढे, पाय त्याच्या पायांच्या मधून मागे. उतरताना पाय वर उचलून धरायचे. एवढंच. आमच्या शाळेत कवायतीला ह्याहून जास्त सूचना असतात आणि त्या कोणी पाळत नाही.

इथे कंपनीच्या साहेबांनी एक अडचण केली. त्यांना आकाशात बॅनर हवं होतं. साळेबुवांनी दोन्ही हातांनी बॅनर धरायचं आणि फोटो काढायचा, म्हणजे पुढच्या हंगामाच्या मीटिंगला दाखवता येईल. प्रशिक्षकाने साफ नकार दिला. सुटं कापड वर फार घातक. साहेबांनी सव्वाआठ मीटरच्या नऊवारीचा दाखला दिला. प्रशिक्षक म्हणाला, ते नेसलेलं होतं. मग बॅनर नेसावं का, ह्यावर काही वेळ गंभीर चर्चा झाली. मी ती थांबवली.

विमान छोटं होतं. खुर्च्या नाहीत, एकापुढे एक मांड्या फाकवून बसायचं. वर जायला पंधरा-वीस मिनिटं लागली. खिडकीतून आधी झाडं, मग रस्ते, मग सगळा किनारा दिसला. पाणी जवळ हिरवं आणि लांब निळं. बेटं मोजता येत होती. दर किलोमीटरला हवा सहा-साडेसहा अंशांनी गार होते असं मी फळ्यावर लिहीत आलो आहे. खाली 32 होतं, तेरा हजार फुटांवर सहाच्या आसपास असणार, हे गणित मी मनात केलं, तेवढ्यात दार उघडलं आणि उत्तर पँटमध्ये शिरलं. खांद्याला दोन आणि कमरेला दोन अशा चार कड्यांनी माझा प्रशिक्षक मला जोडला गेला. लग्नातही इतक्या गाठी नसतात.

आमच्या पुढे कारंजाची पोरं होती. जाताना ती सिनेमातल्यासारखं ओरडणार असं ठरलं होतं. ती दारात दिसली, आणि नंतर दिसली नाहीत. ओरडली असतील तर वाऱ्याने ऐकू दिलं नाही. मग साळेबुवा. दाराच्या कडेला पाय सोडून बसल्यावर त्यांनी मागे वळून मला काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. पुढे कळलं ते असं, की दुकानाच्या किल्ल्या माझ्या खिशात होत्या आणि मी त्या खाली ठेवून आलो की नाही, हे त्यांना विचारायचं होतं.

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे. मुक्तपतनाची गणितं सोडवताना आम्ही मास्तर एक वाक्य हमखास म्हणतो, की हवेचा विरोध नगण्य मानू. तो मानला असता तर पॅराशूट उघडेपर्यंतचं अंतर, म्हणजे साडेसात हजार फूट, मी बावीस सेकंदांत कापलं असतं आणि शेवटी माझा वेग ताशी साडेसातशे किलोमीटर झाला असता. प्रत्यक्षात पाऊण मिनिट लागलं आणि वेग दोनशेच्या आसपास अडकून राहिला, तो ह्या नगण्य विरोधामुळेच. दोन माणसं एकत्र बांधली की तोही पुरत नाही, वेग तीनशेकडे जायला बघतो. म्हणून प्रशिक्षक निघाल्यावर लगेच एक छोटी छत्री मागे सोडतो आणि ती दोघांना ओढून धरते. तेवढा वेळ तो नगण्य विरोध माझ्या दोन्ही गालांना कानापर्यंत घेऊन गेला होता. तोंड उघडलं की मिटत नाही. तुमची ओरड तुमच्याच घशात परत येते.

एक गोष्ट मात्र सिनेमात सांगत नाहीत. पोटात गोळा येत नाही. पोहरादेवीच्या यात्रेतला आकाशपाळणा वरून खाली येताना पोट घशाशी येतं, ते वेग एकदम बदलतो म्हणून. विमानातून निघताना तुम्ही आधीच विमानाच्या वेगाने जात असता. तो वेग हळूहळू खाली वळतो. जमीन इतकी लांब असते, की ती जवळ येताना दिसत नाही. त्यामुळे आपण पडतोय असं वाटतच नाही. फार मोठ्या पंख्यासमोर कोणीतरी पालथं निजवलंय आणि बंद करायला विसरलंय, असं वाटतं. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर पोटात गोळा यायला इलेक्शन ड्यूटीचा कागदच लागतो.

साडेपाच हजार फुटांवर पॅराशूट उघडलं. पट्टे मांड्यांत रुतले, आणि एकदम शांत. इथून पुढची पाच-सहा मिनिटं खरी सुखाची. प्रशिक्षकाने दोऱ्या माझ्या हातात दिल्या, डावी ओढली की डावीकडे, उजवी ओढली की उजवीकडे. एका बाजूला आखाताचं पाणी, दुसऱ्या बाजूला तांबडी जमीन आणि हिरवे पट्टे. मी समुद्र पाहिला. भरपूर पाहिला. वाशिमच्या वाट्याचाही पाहून घेतला.

साळेबुवा माझ्या जरा खाली तरंगत होते. त्यांनी समुद्राकडे पाठ केली होती आणि ते हात करून काहीतरी दाखवत होते. उतरल्यावर, अजून कडीतून सुटलेही नव्हते, तोवर म्हणाले, "भाऊजी, पाह्यलं का? साबुदान्याचा कंद हाय सारा. पन तन लय हाय! ह्यायच्याकडं तननाशक कोनी इकत नाही का?" ज्या साबुदाण्यावर आपल्या एकादश्या निघतात त्याचं पीक ह्या भागात शेतं भरभरून होतं, हे मलाही नवीन होतं. पण पाच हजार फुटांवरून, जीव दोरीला टांगलेला असताना, ज्याला परक्याच्या शेतातलं तण दिसतं, त्याने टार्गेट गाठलं ह्यात नवल नाही.

व्हिडिओचे पैसे वेगळे होते. ते सगळे देतात, कारण पुरावा नसेल तर वाशिममध्ये कोण मानतो? माझ्या व्हिडिओत मी सोडून सगळं छान आलं आहे. साळेबुवांचा स्टेटसवर दहा दिवस होता, खाली हलगी वाजत होती.

परत आल्यावर रिसोडच्या दुकानात लोकांनी तो पाहिला. कसं वाटलं असं एकानेही विचारलं नाही. सगळ्यांचा एकच प्रश्न होता, "किती लागले?" आपल्या रुपयांत पंचवीस-तीस हजारांच्या घरात. मग तिथेच हिशोब झाला. 2025-26 चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये. हमीभावाने विकलं तर साडेपाच क्विंटल. खऱ्या बाजारात विकलं तर सात. म्हणजे कोरडवाहू एक एकर. एका क्विंटलचा माणूस खाली आणायला एक एकर सोयाबीन! एका म्हाताऱ्या बाबाने व्हिडिओ शेवटपर्यंत शांतपणे पाहिला आणि म्हणाला, "वरतं नेयाचे पैसे समजलो मी. खाली याचे कायचे घेतले? खाली तं आपोआपच येते." पंचवीस वर्षं गुरुत्वाकर्षण शिकवणाऱ्याला ह्यावर उत्तर देता आलं नाही.

तरीही मी म्हणेन, एकदा मारून पाहण्यासारखी गोष्ट आहे. शूर म्हणवून घ्यायला नाही. शौर्य सगळं पाठीवरच्या माणसाचं. त्यासाठी थायलंडलाच जावं असंही नाही. हरियाणात नारनौलजवळ अशा उड्या होतात, आणि मध्य प्रदेश पर्यटनवाले उज्जैनला हिवाळ्यात त्यांचा उत्सव भरवतात. समुद्र तिथेही नाही, पण महाकाल आहेत. दर्शन आधी घ्यावं हे बरं.

अडचण एकच आहे. उज्जैन असो की पट्टाया, चांगला कोरडा मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. म्हणजे महालक्ष्म्यांच्या पुरणपोळ्या, दसरा आणि दिवाळीचा फराळ, हे सगळं अंगावर चढल्यावर आपण त्या काट्यावर उभे राहणार. हद्द एक क्विंटल आहे आणि ओलावा सगळीकडे कापत नाहीत. ज्यांचा विचार असेल त्यांनी महालक्ष्म्यांच्या आधीच एकदा बाजार समितीच्या काट्यावर वजन करून ठेवावं.